खासदारांच्या वाफ्यातली लीक

स्केलबर्न, नॉर्थंबरलंड
मंगळवार, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय डेरिक,

फोनच केला असता, पण तुझा फोन हल्ली मशीन उचलतं आणि तुझ्याच आवाजात मला सांगतं, "आपलं मत माझ्यासाठी मोलाचं आहे." इतकं गोड तू माझ्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलला नव्हतास. म्हणून हे पत्र. शनिवारच्या सभेसाठीचं तुझं भाषण पोचलं. तुला पुन्हा उमेदवारी द्यायची की नाही, यावर पक्षाचे सभासद मत देणार, तेव्हा तू त्यात जीव ओतणार हे उघडच होतं. पहिली दोन पानं झकास आहेत. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहिते.

गावाचं म्हणशील, तर गाव अजून तुझ्या करकागदांतच अडकलंय. तुमच्या त्या मंत्रिमहोदयांनी सासूच्या नावानं कुठल्याशा बेटावर कंपनी काढल्याचं बाहेर आलं, आणि तुम्ही सगळे खासदार आपापले करकागद जगाला दाखवायला धावलात. तू तर नऊ वर्षांचे एकदम दाखवलेस. लोकांनी मोठ्या आशेनं उघडले रे! निघालं काय? पगार, बँकेचं चार पौंड व्याज, आणि सहा वर्षं ओळीनं 'भाजी प्रदर्शन, लीक, पहिलं बक्षीस, सहाशे पौंड'. त्यावर कर भरलेला. लंडनच्या एका वार्ताहर बाईनं छापलं, की लीक म्हणजे कांद्याच्या जातीची एक जाडजूड भाजी. आपल्या लीक क्लबातली माणसं त्या 'एक भाजी'वर अजून धुमसताहेत.

पण खरा भडका उडाला तो रेग ट्वेडलचा. क्लबचा सेक्रेटरी म्हणून त्याला वाटलं, आता कर खातं सगळ्यांच्याच वाफ्यात उतरणार. खाटकाच्या दुकानात भर गर्दीत मला म्हणाला, "मॉरीन, तुझ्या नवऱ्यानं स्वतःची चड्डी सोडली ती सोडली, आमच्या नाड्यांना कशाला हात घातला?" दोन दिवस कोणी मला चहा विचारला नाही. मग कुणाच्या तरी जावयानं, तो हिशेबनीस आहे, सांगितलं की हौसेच्या बक्षिसावर कर लागतच नाही. वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! रेग आता म्हणतो, "जो माणूस नसलेला कर भरतो, त्याच्या हाती देशाचा खजिना द्यायचा?" आणि शेजारची आयरीन त्याच्याही वर: "मंत्री चोर आहे गं, पण निदान त्याला आकडेमोड तरी येते." लपवलं तर चोर, दाखवलं तर बावळट. तुमच्या धंद्यात माणसानं नेमकं व्हायचं तरी काय?

वाफा उत्तम आहे. पहाटे उठून गोगलगायी वेचते, खोडांना कागदाचे पट्टे बांधलेत, आणि गेल्या शनिवारी तुझी उरलेली काळी बिअर साखर घालून पाजली लीकना. कंबर धरलीय, पण ती दर जूनमध्ये धरतेच. पुढच्या महिन्यात रेग लीकवर शिक्के मारायला येईल, प्रदर्शनात कुणी दुसऱ्याची आणून ठेवू नये म्हणून. ज्यानं लीक वाढवली त्याच्याच वाफ्यात, त्याच्याच समक्ष शिक्का, हा क्लबचा नियम. नेमका बुधवारी येतो, तू पार्लमेंटात. दरवर्षी मी दारातूनच सांगते, "डेरिक आंघोळीला गेलाय." परवा रेग म्हणाला, "बाकी काही म्हणा, आपला खासदार स्वच्छ माणूस आहे." मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

आता तिसरं पान. तू लिहिलंयस: 'बँकेपासून वाफ्यापर्यंत माझ्याकडे लपवण्यासारखं काहीही नाही. ती लीक मी या माझ्या दोन हातांनी वाढवली, आणि तिच्यावरचा कर याच हातांनी भरला.' डेरिक, शाळेत मास्तर होतास तेव्हा तू अठरा वर्षं घरी राहून लीक लावलीस, आणि एकदाही पहिल्या तिघांत आला नाहीस. लंडनला गेलास आणि जिंकायला लागलास. बक्षिसाच्या पेल्यांवर तुझं नाव कोरलं गेलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तू खासदार, लोकांना मातीतला माणूस आवडतो, म्हणून गप्प बसले. तुला तर हळूहळू खरंच वाटायला लागलं की ती तूच वाढवलीस. तू खोटारडा नाहीस रे. पैच्या बाबतीत तर मुळीच नाहीस. पण त्या मंत्र्यालाही बहुधा असंच वाटत असेल, की सासूची कंपनी सासूच चालवते.

हे पत्र एवढ्यासाठी, की ते वाक्य खोड, आणि त्याच्या जागी खरं काय ते सांग. कदाचित क्लब पेले परत मागेल, कदाचित उमेदवारीही जाईल. यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज मी काल माझ्या नावानं भरला. रेगनं तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात घातला, तेव्हा फार वेळ नाही तुझ्याकडे. शनिवारी मतदान हात वर करून आहे, आणि मीही सभासद आहे. खरं बोललास तर सगळ्यांत आधी माझा हात वर जाईल, मग बाकीचे काहीही करोत. ते वाक्य वाचलंस, तर दोन्ही हात मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसेन, आणि खासदाराची बायकोच हात वर करत नाही हे अख्खं स्केलबर्न पाहील.

शनिवार दुपारपर्यंत तरी तुझीच,
मॉरीन