नवी बेलपांढरी : दहापैकी दहा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.४५, स्टाफरूम

निवड झाली. चार देशांच्या विद्यापीठांचं मंडळ आहे. जपान, फिनलंड, केनिया आणि आपण. विषय: मानवी सुरक्षा आणि शाश्वत विकास. 'आपण' म्हणजे मोहाडीचं आमचं कॉलेज, आणि कॉलेज म्हणजे सध्या मी. प्रा. संघपाल, भूगोल विभाग. (विभागात दुसरं कोणी नाही.)

अर्थशास्त्राच्या टेकचंदलाही घेतलं आहे. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन वर्गात जाणारा माणूस. आंतरराष्ट्रीय पातळी किती घसरली ते कळतं.

काम सोपं. प्रत्येकाने एक गाव घ्यायचं, साठ घरं, प्रत्येक घरी दहा प्रश्न, प्रत्येक घराला दहापैकी स्कोअर. जिल्ह्यातली आठ गावं. त्यातल्या दोन गावांना मंडळ पाणी शुद्ध करायचा प्लांट देणार. पत्र बेचाळीस पानांचं आहे. पहिलं पान वाचलं. बाकी परिशिष्टं, ते क्लार्कचं काम.

टेकचंदने त्याचं हिरडटोला घेतलं. मी नवी बेलपांढरी. जुनी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेली, ही पुनर्वसनाची. माझी सासुरवाड.

सायं. ७. बायकोला, तृप्तीला, सांगितलं. एरवी माझ्या कर्तृत्वावर ती हूं म्हणते. आज लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, आईच्या गावाले प्लांट आणा, मग मानीन तुम्हाले. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पाण्याच्या गुंडीला आतून पांढरा थर धरते, लोखंडाचा वास येते. प्यायचं पाणी आई दीड किलोमीटरवरच्या वावरातल्या विहिरीवरून डोक्यावर आणते, सदुसष्टाव्या वर्षी. मी म्हटलं, प्लांट आला समज.

संकल्प. पहाटे पाचला उठून इंग्रजी बोलणं. साठही घरी स्वतः जाणं. टेकचंदशी अबोला.

७ जानेवारी

७.४० ला उठलो. थंडी. इंग्रजी उद्यापासून. अबोला मात्र कडक पाळला. त्याच्या लक्षात आलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

सर्व्हेला गेलो. पहिलं घर देवकाबाईचं, सासूबाईंची शेजारीण. खुर्चीवर बकरीचं पिल्लू बसलेलं. त्याला उठवून खुर्ची पदराने पुसली आणि मला बसवलं. खुर्ची कोमट होती. शी.

माशा. शेण. नळाखाली पिवळा ओघळ. बाई म्हणे, जवाई आले, जवाई आले, आणि सारा मोहल्ला जमा. मी सासूबाईंचा, सुमनबाईंचा, जवाई म्हणजे गावाचाच जवाई, त्यामुळे प्रत्येक घरी चहा प्यायचा. त्या पाण्याचा चहा. वर तवंग. प्रश्न क्रमांक एक अर्धा झाला आणि मी कप खाली ठेवून उठलो.

परत आलो. फिनलंडचे लोक उपग्रहावरून अभ्यास करतात ते उगाच नाही. मानवी सुरक्षा अंतरावरून नीट दिसते.

१२ जानेवारी, रविवार

तृप्तीशी वाद. मी म्हटलं, अकरा वर्षं सासुरवाडीला जातो, तिथलं पाणी गोड आहे, तू तिखटमीठ लावते. म्हणाली, ते जारचं पाणी आहे. तुम्ही येणार म्हटलं की आई पवनीवरून जार बोलावते. बाकी कोणी त्याले हात लावत नाही.

हे मला माहीत नव्हतं. पण म्हणजे गावात जार पोचतो. पाण्याची उपलब्धता: पूर्ण मार्क.

१३ जानेवारी, सोमवार

साठही फॉर्म घरी बसून भरले. दोन तास दहा मिनिटं. नागपूरला पेपर तपासायला मला उगाच बोलावत नाहीत.

मार्कांचा विचार मात्र गंभीरपणे केला. प्लांट हवा तर गाव पहिलं यायला हवं. नापासाले कोण बक्षीस देते? आणि सासुरवाडीला दहापैकी नऊ देणंही बरं दिसत नाही. सासूबाईंना दहा दिले. मग देवकाबाईला नऊ देऊन शेजाऱ्यांत भांडण कशाला? दहा. असं करत सगळ्यांना दहा. 'पाणी आणायला लागणारा वेळ' इथे शून्य मिनिटं टाकलं. शून्य आकडा स्वच्छ दिसतो.

टेकचंद अजून घरोघर हिंडून राहिला आहे. चपलेला चिखल. तसाच स्टाफरूममध्ये येतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १

ऑनलाइन बैठक. आठ गावांचा स्कोअर पडद्यावर. नवी बेलपांढरी १०.०. हिरडटोला ३.२. टेकचंदचं गाव काठावरसुद्धा पास नाही. मला त्याची कीव आली, थोडा वेळ.

जपानचे प्रोफेसर मोरिता माझ्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, असामान्य आहे. जपानी माणूस असं सहज म्हणत नाही. नेट गेलं म्हणून पुढचं ऐकू आलं नाही.

तुमसरला कोट शिवायला टाकला. प्रकल्पाची परिषद जपानला आहे, तिथे थंडी असते.

तृप्तीला म्हटलं, पहिला नंबर. तिने तिच्या आईला फोन लावला. सासूबाई रडल्या म्हणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जगाचा वीट आला आहे.

टेकचंद जवळ येऊन बसला (खर्ऱ्याचा वास) आणि हळूच म्हणाला, सर, तुम्ही दहा काहून दिले? प्लांट सगळ्यात कमी स्कोअरवाल्या दोन गावांले आहे. परिशिष्ट चार.

परिशिष्ट चार वाचलं. आहे तसं. शेवटून नंबर आलेल्याला बक्षीस. अशाने देश पुढे जातो का?

विचार केला. खरं सांगितलं तर विचारतील, फॉर्म कुठे बसून भरले. मग चौकशी. मग प्राचार्य. एका माणसाच्या बदनामीने चार देशांचं सहकार्य धोक्यात येणार असेल तर गप्प राहणं हेच विद्वत्तेचं लक्षण. गप्प राहिलो.

दुपारी मेल. मोरिता १८ तारखेला नव्या बेलपांढरीला येत आहेत. इतकं सुरक्षित गाव कसं घडलं ते शिकायला.

तृप्तीला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहतो आहे.

१३ फेब्रुवारी

सासूबाईंना फोन केला. काही शिकवलं नाही, पढवलं नाही. फक्त एवढंच म्हणालो की पाहुण्यांसमोर कोणी उलटसुलट बोललं तर माझी नोकरी जाऊ शकते. ही माहिती आहे, दबाव नव्हे. त्या म्हणाल्या, तुमी काळजी नोका करू जवाई. मीही मग केली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ९, थकून

मोरिता आले. साधा शर्ट, खांद्याला पिशवी. मी कोट घातला होता, काखेत काचत होता. दुभाषी म्हणून मनाली, तुमसरची मुलगी, प्रकल्पाची असिस्टंट. मराठी आमच्यापेक्षा पक्की झाडीपट्टीची बोलते आणि इंग्रजी माझ्यापेक्षा बरी. हे खटकतं.

हा माणूस प्रत्येक ग्लासाला नाक लावून वास घेतो. आपलं ताट स्वतः धुतो. बकरीच्या पिल्लाला मांडीवर घेतलं. बघवत नव्हतं.

सकाळी टेम्पोतून चौदा जार आले होते, कोणी बोलावले कोण जाणे. घरोघरी माठ भरलेले. गावाने रस्ता झाडलेला. मोरिता विचारत आणि मनाली स्वच्छ मराठीत सांगत होती की घाबरू नका, पाणी खराब असेल तर तसं सांगा, कमी मार्कवाल्याच गावाले प्लांट भेटणार आहे. दोनदा सांगितलं. प्रत्येक घरी सांगितलं.

आणि प्रत्येक घरी उत्तर एकच. चांगलं आहे जी. देवकाबाई म्हणाली, आमाले काय कमी आहे? सासूबाईंनी तर मोरितांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. तपासणीची बाटलीही त्यांनीच भरून दिली, त्याच माठातली.

म्हणजे माझा डेटा बरोबर होता. उगाच मनाला लावून घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यादी लागली. प्लांट हिरडटोल्याला आणि लाखांदूरकडच्या एका गावाला. आमच्या नावापुढे: सुरक्षित, गरज नाही. जपानच्या परिषदेचं बोलावणं टेकचंदला. त्याने पेढे वाटले. खर्ऱ्याच्याच हातांनी. मी एक घेतला, खिशात ठेवला, बाहेर टाकला.

टेकचंदची बायको रिता हिने तृप्तीला सगळं सांगितलं. परिशिष्ट चारसकट.

तृप्ती भांडली नाही. एवढंच विचारलं की आईच्या घरी किती वेळ बसून फॉर्म भरला. मी म्हटलं, तो प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. तेव्हापासून ती बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

२ मार्च, रविवार

सासूबाई वावरातल्या विहिरीवरून परत येताना बांधावर पडल्या. गुंडी गेली, उजवा हात मनगटात मोडला. भंडाऱ्याला प्लास्टर घातलं. तृप्ती बॅग भरून माहेरी गेली. मला चला म्हणाली नाही.

बांध नीट घातला नसेल. ग्रामपंचायतीचं दुर्लक्ष.

३ मार्च, सोमवार

भात लावला. करपला. भांडं भिजत घातलं आहे.

काल लिहिलं ते वाचलं. ग्रामपंचायतीचं दुर्लक्ष. स्वतःचीच किळस आली. डायरीत पहिल्यांदाच.

मोरितांना मेल केला. सात मसुदे झाले. पहिल्यात सगळं कबूल केलं होतं. सातव्यात 'काही आकडे पुन्हा तपासावेत असं वाटतं' एवढं राहिलं. तेच पाठवलं. इंग्रजीची अडचण.

४ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. हो म्हणाले. प्लांटचं काम पंधरा तारखेला सुरू होणार, त्याआधी स्कोअर बदलला तर यादी बदलू. पण या वेळी टॅबवर. प्रत्येकाचं उत्तर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं, सोबत मनाली. शेवटची तारीख ९.

चालेल. घरी बसून भरायची सोयच नाही, त्यामुळे मोहही नाही. साठही घरी जाणार. चहा पिणार. बोअरच्या पाण्याचा असेल तर तोही. तृप्तीला मेसेज केला: प्लांट आणतो. दोन निळ्या खुणा आल्या.

९ मार्च, रविवार. सायं. ६, सासूबाईंच्या अंगणात

काल तीस घरं, आज तीस. कोट घरी ठेवला. तेवीस चहा प्यालो. पोट ठीक नाही, पण ते महत्त्वाचं नाही.

पहिली देवकाबाई. मी म्हटलं, आधीचं सारं विसरा, या वेळी खरं सांगा. तिने मनालीकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि मोठ्या आवाजात म्हणाली, पाणी अमृत आहे जी. मी बटण बंद करून समजावलं. मान डोलावली. बटण लावलं. अमृत आहे जी.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. सगळ्यांना वाटते मनाली जपानी साहेबांची माणूस, माझ्यावर पाळत ठेवायला आली. मी खरं सांगा म्हटलं की ते समजून हसतात. पंधराव्या घरी माझी प्रमाण मराठी संपली. म्हटलं, मले खरं सांगा न जी, पाया पडतो तुमच्या. तेजराम नावाचा म्हातारा, दात पिवळे पडलेले, उठून मला धरून म्हणाला, जवाई कायले पाया पडता, आमी आहो न. मनालीने तोंड फिरवलं.

शेवटी सासूबाई. हात गळ्यात बांधलेला. तृप्ती दारात उभी. प्रश्न चार, पाणी किती दुरून आणता. म्हणाल्या, घरातच आहे. प्रश्न सहा, पाणी आणताना कधी इजा झाली का. प्लास्टरकडे पाहून म्हणाल्या, अंगणात घसरली मी.

टॅब बंद केला. म्हटलं, मामी, खरं बोला, प्लांट येते. नोकरी नाही जात, बाबासाहेबांची शपथ. त्या म्हणाल्या, फोनवर तं तुमीच सांगतलं होतं जाते म्हणून. मी म्हटलं, ते खोटं होतं. म्हणाल्या, असू द्या. चाळीस वर्षं जुन्या गावात नदीचं पाणी पेलो, आता हे पेऊन राहिलो, प्लांट आला काय नाही आला काय. तुमचं काही झालं तं पोरगी माझी कुठं जाईल? आणि डाव्या हाताने टॅब माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, लावा बटण.

लावलं.

साठ फॉर्म. साठही दहापैकी दहा. या वेळी एकही मी भरलेला नाही.