रिनाचं जीवशास्त्र आणि पाळीवरची अदलाबदल

तलावटोला, जुलै २००८

साळेबुवा वामनराव यांस तुमच्या म्हाताऱ्या भाटव्याचा आणि तुमच्या बाईचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, पोटभर रामराम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असणारच, कारण तब्येत बरी नसलेला माणूस मागच्या पत्रात गोदामातल्या उंदरांना इतक्या नेटानं शिव्या देऊ शकत नाही. ताराबाईंचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, भामरागडच्या दमट हवेत सकाळी अंगण झाडू नका, ते काम तुमच्याकडून करून घ्या. पर्लकोटा नदी अजून पुलाखाली आहे की पुलावर, तेही कळवा. म्हणजे कळवता आलं तर कळवा. एकदा ती चढली की तुमचं गाव आणि आमचं जग यांचा संबंध संपला. तुम्ही फोन घेतला असं ऐकतो, पण त्यात फक्त एक बाई बोलते आणि ती तुमच्या घरची नाही, असं तुमची बाई संशयानं सांगते.

तर मुख्य आनंदाची गोष्ट ही की आपली रिना, म्हणजे आमच्या पोराची, भूपेशची मोठी, दहावी पास झाली आणि ती अशी झाली की मच्छीमार सोसायटीनं तिला हार घातला. (हार अध्यक्षांसाठी आणलेला होता, पण ते वेळेवर आले नाहीत.) सगळ्यांनी विचारलं, पोरी, आता पुढे काय? ती म्हणाली, नागपूरला माशांचं कॉलेज आहे, तिथे जायचं आहे. ढिवराच्या पोरीनं माशांसाठी नागपूरला जाणं म्हणजे वरातीतल्या घोड्यानं बँड ऐकायला तिकीट काढणं, असं वाटून लोक हसले. भूपेश तर म्हणाला, "मासा फाडाले कॉलेजात काऊन जा लागते? घरी पावशी नाई का?" तेव्हा पोरगी ताडकन बोलली, "फाडाले नाई बाबा, पैदा कराले. दरसाल बाहेरून बोटुकली आणता, अर्धी डब्यातच मरते. मी इथीच तलावात बी तयार करीन." वामनराव, बोटाएवढी मेलेली पिल्लं तलावाच्या पाळीवर ओतताना सोसायटीतली मोठमोठी माणसं तोंड फिरवतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलेलं आहे. त्या क्षणी मी ठरवलं की ही पोरगी नागपूरला जाणार आणि तिला तिथवर पोचवायचं काम माझं.

इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

आमच्या घरात शिक्षण खातं माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी शाळेत गेलो नाही. मासे बांधायला रद्दी आणायचो, ती वाचत वाचत अक्षर लागलं. त्यामुळे माझं वाचन दांडगं आहे, फक्त बऱ्याच बातम्यांचा शेवट मला माहीत नाही, कारण तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुड्याला गेला. एवढ्या ज्ञानाच्या बळावर मी रिनाला घेऊन तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गेलो. तिथे फळ्यावर अकरावी सायन्सचे विषय लिहिलेले. इंग्रजी घ्यावंच लागते. भौतिक आणि रसायनही घ्यावंच लागते. पुढे मात्र निवड होती, गणित की जीवशास्त्र की दोन्ही, आणि त्याखाली लिहिलं होतं की यातला एक विषय आणि मराठी सोडून धंद्याचा एक मोठा विषय घेता येतो. त्या धंद्याच्या यादीत वीज होती, पिकं होती, आणि सर्वांत खाली मासे! होय बाप्पा, मासे! सरकारनं छापलेले! मी तिथेच हात जोडले. मागच्या रांगेतल्या माणसाला वाटलं, आत देव बसवला आहे, त्यानंही जोडले.

मग मी पेन काढला आणि गणित ठेवलं, मासे घेतले, जीवशास्त्र खोडलं. रिना माझी बाही ओढत होती. "आबाजी, मले जीवशास्त्र पायजे नं!" मी म्हटलं, "पोरी, मासा काय निर्जीव असते? मासा घेतला का जीव त्यातच आला." माझ्या या बोलण्यावर रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या (त्यांपैकी एकानं स्वतःच्या पोराचंही जीवशास्त्र खोडलं, त्या पोराचं पुढे काय झालं देव जाणे). फी भरली, पावती घेतली, येताना जिलेबी आणली. गावात मी सांगत सुटलो की आपली रिना सरकारी मासे शिकून राहिली.

चार रोजांनी पोरगी कॉलेजातून आली ती दप्तर टाकून चुलीकडे तोंड करून बसली. जीवशास्त्राच्या मॅडमना तिनं विचारून घेतलं होतं. नागपूरच्या माशांच्या कॉलेजाला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तीन लागतातच. ज्याच्याकडे जीवशास्त्र नाही, त्याला माशाच्या दारात उभं करत नाहीत, मग त्यानं माशांचा विषय घेतलेला असो की माशांशी लग्न केलेलं असो. म्हणजे मी पोरीला माशापर्यंत नेता नेता मासाच सोडवून दिला होता.

यानंतर घरात काय झालं ते तुमच्या बहिणीला तुम्ही ओळखता म्हणून थोडक्यात लिहितो. ती फक्त माझ्या ताटात वांगं वाढायला लागली. सगळ्यांना मासे, मला वांगं. शेजारची शकुबाई रोज जेवणाच्या वेळी विरजण मागायला यायची, माझं ताट पाहायची आणि म्हणायची, "अगोबाई, भाऊ आता वारकरी झाले का?"

शेवटी मी उठलो. तेलाच्या डब्यात पाणी घेतलं, त्यात एक जिवंत मरळ टाकली, प्राचार्यांना भेट म्हणून, आणि रिनाला घेऊन पुन्हा कॉलेजात गेलो. (एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, शैक्षणिक सामान.) आधी बाबूला गाठलं. तो म्हणाला, "आजोबा, जीवशास्त्राची बॅच फुल्ल आहे. प्रयोगशाळेत टेबलंच तेवढी आहेत. कोणी उतरलं तर तुमची पोरगी चढेल." मग प्राचार्यांकडे गेलो. भला माणूस. पण डबा उघडल्याबरोबर ते खुर्चीसकट मागे सरले, कारण ते अंडंसुद्धा खात नाहीत. आणि मरळ ही जात अशी की तिला घाबरलेला माणूस लगेच कळतो. तिनं एक उडी मारली ती टेबलावर, दुसरी दारात आणि तिसरी थेट व्हरांड्यात.

व्हरांड्यात एक पोरगा खांबाला टेकून बसला होता. अकरावीचाच. (नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचा बाप मोठा तापट आहे. पण मनानं सोन्यासारखा, उगाच त्याच्या तोंडी कशाला लागा.) पोरगा आधीच चुन्यासारखा पांढरा पडलेला, त्यात मरळ त्याच्या पायावर आली. तो किंचाळून बाकावर चढला. रिनानं धावत जाऊन ओढणी टाकली, गलफडामागे दोन बोटं घातली आणि मरळ धरली. तोवर प्रयोगशाळेतून मॅडम बाहेर आल्या, त्या रिनाकडे अशा पाहायला लागल्या जसं मी फळ्याकडे पाहिलं होतं.

मी पोराला खाली उतरवलं. विचारलं, "काऊन रे बाबू, ढिवराचा असून मासोळीले भेतं?" तर तो म्हणतो, "मासोळीचं काई नाई जी. आत गांडूळ फाडून राह्यले. मले रक्त पाह्यलं का चक्कर येते."

"मंग जीवशास्त्र कायले घेतलं?"

"बाबानं घ्याले लावलं. डॉक्टर हो म्हणते."

"अन् तुले काय आवडते?"

"गणित. गणितात काई फाडा लागत नाई." मग हळूच म्हणाला, "आत सापळा उभा आहे नं, त्याची भीती वाटली का मी बरगड्या मोजतो. मंग बरं वाटते."

वामनराव, माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. तुम्ही नोकरीत पडल्यापासून विसरला असाल म्हणून आठवण देतो. जाळं ओढून झालं की आपण पाळीवर माशांचे ढीग मांडतो, हिस्सेदार जितके तितके. प्रत्येक जण आपली खूण देतो, कोणी खडा, कोणी काडी, कोणी बिडीचं थोटूक, आणि ज्याचा वाटा नाही असा कोणी त्या खुणा ढिगांवर न पाहता ठेवतो. आला तो ढीग तुमचा, कुरकुर चालत नाही. पण पाळ उतरायच्या आत दोघांनी राजीखुशीनं ढीग बदलले, तर काऊन म्हणून कोणी विचारत नाही. एकाच्या घरी पोरं झिंगे मागतात, दुसऱ्याच्या घरी पाहुणा रोहू मागतो, असते बाप्पा. घरी नेल्यावर मात्र बदल नाही, मग त्यात बायका येतात.

मी दोन्ही पोरांना घेऊन प्राचार्यांकडे गेलो आणि हीच रीत त्यांना समजावली. म्हटलं, साहेब, याच्या ढिगात जीवशास्त्र आलं आणि हिच्या ढिगात गणित. दोघंही उपाशी राहून राहिले. अजून प्रवेशाची तारीख गेली नाही, म्हणजे आपण पाळीवरच आहोत. ते हसले, बाबू हसला, मॅडम तर म्हणाल्या, "सर, मला बाकावर चढणारा नको, ही पोरगी द्या." सर म्हणाले, ठीक आहे, करा अदलाबदल. (एक कागद तेवढा राहिला आहे, त्याचं पुढे बोलू.) तो पोरगा इतका खुलला की त्यानं मरळीला हात लावला. लावला आणि लगेच काढला, पण लावला.

घरी आलो. रात्री ताटात मरळच होती, डोक्याकडचा तुकडा मला. रिना तेव्हापासून गाणं म्हणत फिरते आणि भूपेश लोकांना सांगतो की पोरीला नागपूरला पाठवायचं हे त्याच्याच मनात होतं. असा सगळा आनंद आहे. ताराबाईंना नमस्कार, उंदरांना काही नाही.

तुमचा भाटवा,
मनसाराम

ता.क. त्या राहिलेल्या कागदाचं असं की विषय बदलायला दोन्ही पोरांच्या पालकांची सही लागते. भूपेशनं केली. दुसरी सही शनिवारपर्यंत कॉलेजात पोचली नाही तर रिनाचं जीवशास्त्र गेलं आणि नागपूरही गेलं. म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही, माणसाच्या हाती पाठवलं आहे.

आणखी ता.क. तो पोरगा म्हणजे तुम्ही इकडच्या कॉलेजात घातलेला तुमचा मिथुन आहे. आता उठू नका, बसून वाचा. तुमच्या गावात डॉक्टर टिकत नाही म्हणून तुम्ही पोराला डॉक्टर करायला निघालात, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मला तुमचा मान वाटतो. पण पेशंटच्या आधी डॉक्टरच आडवा झाला तर त्याला उचलायला तिथे कोण आहे? घरच्या धाकानं त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगतो, मला काही तुमच्या हातचं खायचं नाही. तुमची बाई म्हणते, वामनला लिहा की चुलत्यानं बळजबरीनं पोलीस भरतीला नेलं होतं तेव्हा हा कोणाच्या पदरामागे येऊन लपला होता. पण ते मी लिहीत नाही.

शेवटचं ता.क. पत्र तुमच्या हाती देऊन मिथुन अंगणातल्या मोहाखाली जाऊन उभा राहणार, असं ठरलं आहे. कागद त्याच्या खिशात आहे. तुमचा आवाज चढला की तो पाय लावून पळणार, तेव्हा जे ओरडायचं ते माझ्या नावानं आणि हळू ओरडा. सही केली तर जेवू घालून पाठवा. नाही केली तरी जेवू घाला. पोरगं सकाळपासून एस.टी.त उपाशी बसलं आहे.