अर्धवट मिटलेली मतपत्रिका

३ मे २००७, सकाळ
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. सैनिकी राजवटीतून सुटलेल्या देशात गर्दीला रडवणारा पुढारी निवडून येतो, कारण मतदाराला युक्तिवाद ऐकण्याची सवय नसते. ती सवय लावली की असा पुढारी पडलाच पाहिजे. आमचे सेनापती पायउतार होऊन नऊ वर्षे झाली. सत्तावीस तारखेला आमच्या वोनोतिर्तोत गावप्रमुखाची निवडणूक आहे. प्रयोगाला एवढे गाव पुरे.

उमेदवार दोन: माझी जुनी विद्यार्थिनी एंडाह, गावची सुईण, आणि निवृत्त सार्जंट सुगेंग, ज्यालाही लोक आदराने 'पाक' म्हणतात. वाद गावसभेचा आहे. दर महिन्याला कोणीही उभे राहून गावप्रमुखाला तोंडावर जाब विचारू शकतो. सैनिकांच्या काळात हे स्वप्नातही शक्य नव्हते. निवडून आल्यास सभा बंद करणार, असे सार्जंट उघड सांगतो.

५ मे
सार्जंटचे भाषण ऐकले. किळस आली. दोन गाणी म्हटली, तिसऱ्यात रडला. मग म्हणाला, "सभा कशाला रे बाबांनो? नुसती तोंडं दुखतात! मी आहे ना? दारात या, कॉफी प्या, काम सांगा, झालं!" शिट्ट्या. न्हावी पार्डी डोळे पुसत होता. म्हणाला, "माणूस मनाने साफ आहे हो, पाक गुरू." अश्रू हे प्रमाण नव्हे, असे मी त्याला समजावले. त्यावर म्हणाला, "नसेल. पण तुम्हाला कुणी कधी रडताना पाहिलंय का?"
प्रश्न उत्तराच्या लायकीचा नव्हता.
संकल्प: उद्यापासून रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर तर्काचा वर्ग.

९ मे
पहिल्या दिवशी चाळीस जण होते. आज अकरा. संख्या घटली, याचा अर्थ गुणवत्ता वाढली. पत्नी सुलास्त्री म्हणते, "ते माझ्या तळलेल्या केळ्यांना येतात." येण्याचा हेतू काहीही असो, निष्कर्षाला बाध येत नाही.

१४ मे
अकराच. विधान, प्रमाण, निष्कर्ष. माना डोलतात, तोंडे चघळतात. पार्डीने शेवटी एकच शंका विचारली: केळी संपली का?

१६ मे
आज व्यावहारिक पाठ घेतला. सार्जंटची माणसे मतदानकक्षामागे घुटमळणार, हे नक्की. म्हणून मतपत्रिका पूर्ण उघडायची नाही. पुस्तकासारखी अर्धवट मिटलेली धरायची, आपल्या उमेदवाराचा चेहरा दिसेल एवढीच फट ठेवायची आणि मताचे छिद्र पाडायला खिळा टोचायचा. सैनिकांच्या काळातल्या सहाही निवडणुकांत मी असेच मत दिले. ते कधीही कोणाला कळले नाही.
सुलास्त्री परात उचलत म्हणाली, "मोजणाऱ्यांना तरी कळलं होतं का?"
तिचा तर्काशी कधीच संबंध आला नाही.

२२ मे
एंडाह आली. नमस्कार म्हणून माझा हात कपाळाला लावला. म्हणाली, "सर, एवढं अवघड नका ना सांगू. नुसतं विचारा, सभा बंद झाली तर पाणी आलं नाही म्हणून भांडणार कुणाशी?" आधारविधानांआधी निष्कर्ष सांगणे हा दोष आहे, हे तिला दाखवून दिले. "बरं, सर," म्हणाली आणि गेली. पूर्वीही वर्गात अशीच घाई करायची. तिने मला मतमोजणीला आपला साक्षीदार नेमले आहे. निवड योग्य.

२७ मे, सकाळी ९
मतदान केले. बोटाला शाई. एंडाहच्या छायाचित्रातील सदऱ्याच्या वरून दुसऱ्या बटणावर नेमके छिद्र केले. ना वर, ना खाली. रांगेत सुलास्त्री कुजबुजली, "कागद नीट उघडा हं." पन्नास वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही सूचना!

२७ मे, संध्याकाळ
शिसारी आली आहे. क्रमाने लिहितो.
मतपत्रिका एकेक करून उजेडासमोर धरायची, छिद्र दाखवायचे, गर्दीने "साह!" म्हणून ओरडायचे की मत वैध, अशी आमची रीत. पंधरावी मतपत्रिका निघाली. छिद्र दोन्ही छायाचित्रांतून आरपार. मोजणीचे अध्यक्ष पाक कास्डी म्हणाले, "खिळा एंडाहबाईंकडून घुसलाय, कागद बघा ना तिकडे कसा फुटलाय. कुणाला दिलंय ते आंधळ्यालाही दिसेल. दोघा साक्षीदारांना चालत असेल तर साह." सार्जंटचा साक्षीदार सिगारेट झटकत म्हणाला, "घ्या हो, घ्या. माझ्या बापाचं काय जातंय!"
मी उठलो. दोघांना निवडणारा कोणालाच निवडत नाही. हेतू हे प्रमाण नव्हे. छिद्र हे प्रमाण. आठ मिनिटे बोललो. गर्दीतून आवाज आले, "गुरू, तुमच्याच बाईचं मत आहे ते!", "बसा की खाली!" कास्डींनी विचारले, "तुम्ही नक्की साक्षीदार कुणाचे?"
"नियमाचा," मी म्हणालो.
मत बाद झाले. छिद्र मात्र नेमके होते, सदऱ्याच्या वरून दुसऱ्या बटणावर. हात शिकलेला, डोके अडाणी. सार्जंटच्या कळपातलाच कोणी असणार.
पुढे अशाच आणखी अकरा निघाल्या. माझ्याच निवाड्याने सगळ्या बाद. दर वेळी सार्जंटचा साक्षीदार माझ्याकडे पाहून नम्रपणे मान झुकवत होता.
सार्जंट २१४. एंडाह २०७. बाद १२.
तीन आठवडे शिकवले. एकानेही ऐकले नाही. या लोकांना लोकशाही नको आहे, गाणी हवी आहेत.

२८ मे, सकाळ
ध्वनिक्षेपकावरून घोषणा: या महिन्यापासून गावसभा नाही. मग एक गाणे.
पार्डी आला. डोळे पुन्हा ओले. म्हणाला, "कसं हरलो हो, पाक गुरू? आम्ही तर अगदी तुम्ही सांगितलं तसंच केलं. कागद मिटूनच धरला, बाईंच्या तोंडात खिळा घातला. वर्गातल्या अकराच्या अकरांनी. बायकोलासुद्धा सांगितलं नाही कुणाला दिलं ते!"
त्याला बसायला सांगितले. सुलास्त्रीने केळी आणली. परात पार्डीपुढे ठेवून ती आत गेली. बोलली असती तर बरे झाले असते.

२८ मे, दुपार
अकरा अधिक एक. बेरीज दोनदा तपासली.
एंडाह येऊन गेली. हात कपाळाला लावला. म्हणाली, "सर, वर्ग बंद नका करू. आता बोलायला तेवढीच एक जागा उरलीय."

या नोंदींत एक चूक झाली आहे. ती येथे मान्य करतो. काल मी लिहिले की एकानेही ऐकले नाही. ते विधान असत्य आहे. अकरा जणांनी ऐकले होते.

(सही) स. विर्योहार्जो
निवृत्त प्राध्यापक, तर्कशास्त्र