शुद्धीत होतीस म्हणून

प्रिय मंदा,

तू गेलीस तेव्हा तुझी सुनीता रांगत होती. आज ती दोन लेकरांची आई आहे, आणि तिच्यामुळंच तुला लिहायला बसले. तुझं दुखणं तिला लागलंय गं! हसली की गुडघे सुटतात, मान पडते. भाकरी थापताना पेंग येते. परवा तव्यावर हात भाजून घेतला. राणीसावरगावच्या सासूनं तिला आणून माझ्या दारात सोडली. म्हणाली, "असली सोंगाडी आमाला नको."

तोच शब्द! तुलाही गावानं हेच नाव ठेवलं होतं.

शेवंताच्या हळदीत तू सगळ्यांसमोर पडलीस, ते आठवतं? नवरीच्या मावशीनं उखाण्यात आपल्याच नवऱ्याच्या ढेरीला भोपळा म्हटलं आणि तू हसता हसता जात्यापाशी कोसळलीस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. पापण्या तेवढ्या फडफडत होत्या. भोवती बायकांची तोंडं सुरू. "अंगात आलंय." "न्हाई गं, फिट हाय." आपल्या सासूबाई तर म्हणाल्या, "भांडे घासायची येळ झाली की पडतीच ही!"

थोड्या वेळानं उठून बसलीस, आणि काय केलंस? तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "आत्याबाई, मी समदं ऐकलंय. भांडे मी सकाळीच घासलेत."

सगळ्या हसल्या. पण तिथंच तुझा घात झाला. फिट आलेल्याला काही कळत नाही, अंगात आलेल्याला काही आठवत नाही, एवढं गावाला ठाऊक. तुला ऐकू आलं म्हणजे तू शुद्धीत होतीस. शुद्धीत होतीस म्हणजे नाटक! झाला निवाडा. कशाला बोललीस गं? गप राहिली असतीस तर लोक पाया तरी पडले असते.

मग तू हसणंच सोडलंस. कापूस वेचताना थट्टा रंगली की पदर दातात धरून लांबच्या ओळीची पाथ धरायचीस. बायका म्हणायच्या, मंदाला लय घमेंड हाय. मला एकटीला सांगायचीस, "आक्का, आतून मी जागीच असते. हाका मारते, आवाजच निघत न्हाई. जित्ती पुरल्यावानी वाटतंय."

कालव्याचं लिहू की नको? लिहितेच. मी तेव्हा माहेरी होते. धुणं धुताना कुणीतरी काही बोललं, तू हसलीस आणि तोंडावर पाण्यात पडलीस. पाणी गुडघाभर. काठावर आपल्याच बायका. त्या थांबल्या. "उठंल आपोआप, समदं ऐकायलीय ती," असं म्हणत थांबल्या. त्यातल्याच एकीनं मला रडत सांगितलं हे.

आणि तू खरंच ऐकत होतीस, मंदा! हे मनात आलं की घास गिळवत नाही मला.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सुनीताला तपासलं आणि कागदावर डोक्याचं चित्र काढून समजावलं. झोपेत स्वप्नं पडतात तेव्हा मेंदू हातापायांना कुलूप घालतो, नाहीतर माणूस स्वप्नातच उठून पळेल. श्वास आणि डोळे तेवढे चालू राहतात. जागं ठेवणारा एक रस मेंदूत कमी पडला की हे कुलूप दिवसाढवळ्या पडतं, हसू आलं की जास्तच. याला नार्कोलेप्सी म्हणतात. मी विचारलं, "आत काही कळतं का?" म्हणाल्या, "सगळं कळतं, आजी. पूर्ण शुद्धीत असतात." मी तिथंच डोळ्याला पदर लावला. सुनीताला वाटलं, मी तिच्यासाठीच रडतेय.

अजून मोठ्या दवाखान्यात झोपेची तपासणी व्हायचीय. औषधानं जोर कमी होतो, मुळातून जात नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. विहीणबाई ऐकतील असं मला वाटत नाही. तिला दारात सोडली तेव्हा जावई मागं खाली मान घालून उभा होता, त्याच्याकडून थोडी आशा आहे. त्याला दवाखान्यात सोबत नेणार आहे, त्याच्या कानांनी ऐकू दे.

तुला शब्द देते. घरात कुणी नीट बोलो न बोलो, तुझी लेक माझ्यापाशी पोटभर हसेल. पडली तर मी धरीन, आधी तिचं तोंड वर करीन. आणि कुलूप सुटेस्तोवर तिच्या कानाशी बोलत राहीन, "मी हाय गं सुनीता, ऐकायलीस ना? ऐक. मी हितंच हाय."

तुझी थोरली जाऊ,
आक्का