पाणथळीतला रस्ता

डब्लिन, ओहायो
१२ मे २०२४

ती. रत्नाताईस,
देवदत्तचा शि. सा. न. वि. वि.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. घर विकून या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आल्यापासून मी फोनवर जे बोलतो ते आर्य पाठ करतो आणि जेवताना आईसमोर जसंच्या तसं म्हणून दाखवतो. तेवीस वर्षांचा घोडा झाला, तरी ही सवय जात नाही. म्हणून आपलं पत्र बरं. शिवाय तूही हल्ली फोनवर निम्मं ऐकत नाहीस, अशी गुरुनाथरावांची तक्रार आहे.

बातमी अशी की घराच्या पैशातून घेतलेल्या शेतावर अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन झालं! पूजा सांगणारे मोरेश्वरकाका सोवळं नेसून आणि खाली रबरी बूट घालून चिखलात उभे होते. अमित, रुही आणि त्यांचा देवांगही आले होते. देवांग आपल्या आर्यसारखाच. दोघांनी तिथे एकत्र राहायचं, सोबत एक मदतनीस, मागे कोंबड्या. आमच्यानंतर आर्यचं काय, या प्रश्नाला वीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर मिळतंय, ताई. विनीता तर नारळ फोडताना रडली.

अडचण एकच होती. घराची कोरडी जागा मागे उंचावर आहे आणि तिथे जायला मधली पाणथळ ओलांडावी लागते. पाणथळीत माती टाकायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती देतं कोण, तर सैन्याचं इंजिनिअर खातं! कोंबड्या पाळायला मिलिटरीला विचारा. अर्ज मार्चमध्येच केलाय, उत्तर यायचंय. पण काका म्हणाले, कुदळ मारल्यावर कामात खंड पडू देऊ नये. कंत्राटदार ट्रक घेऊन उभाच होता. पेपरवर्क ओके आहे ना, एवढंच त्याने विचारलं. मी ऑलमोस्ट म्हणालो. जुना मालक तिथे गाई चारायचा, आणि शेतातल्या रस्त्याला परवानगी लागत नाही असं मी कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत रस्ता तयार झाला, आणि आर्य त्यावरून टाळ्या वाजवत चालत गेला.

विनीताच्या स्कॅनबद्दल मात्र आत्ता विचारू नकोस. घर उभं राहीपर्यंत तो विषय बंद आहे.

तुझा आशीर्वाद नेहमीसारखाच पाठीशी असू दे.

तुझा,
देवदत्त

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२० मे २०२४

चि. देवदत्त यास रत्नाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. भूमिपूजनाचा आनंद झाला आणि पुढच्याच परिच्छेदाला तो ओसरला. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंस, दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलास, आणि स्वतःच्या वेळी ऑलमोस्ट? काकांना खंड पडू द्यायचा नव्हता, तर त्यांना रोज तिथे एक फूल वाहायला सांगायचं होतंस.

आमच्या मागे आणखी एक डेटा सेंटर येतंय. त्यांच्या आवारातल्या एका डबक्याभोवती वर्षभर नारिंगी कुंपण होतं आणि त्यात कुणी पाय ठेवला नाही. यांनी चौकशी केली, तर परवानगी यायची आहे म्हणाले. एवढे गब्बर लोक थांबतात, तर तू कोण लागून गेलास? ती माती आधी काढून टाक. कुणी यायच्या आत काढ.

आणि स्कॅनचा विषय बंद म्हणजे काय? मला असं लिहून तू गप्प बसलास, आता मी काय समजू? विनीता फोनवर हसत बोलते, तेव्हाच मला जास्त भीती वाटते. मला खरं कळव. आर्यने पाठ केलं तर करू दे.

हे अनेक आशीर्वाद सांगतात. रागावले आहे म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी,
रत्नाताई

डब्लिन, ओहायो
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मध्ये तू फोन केलास तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणालो, कारण आर्य शेजारी बसला होता. काहीही ठीक नाही.

तुझं ऐकायला हवं होतं. उद्या माती काढू, परवा काढू, असं करत राहिलो. मला तो रस्ता मोडवेना. जूनमध्ये जोराचा पाऊस झाला. पाणथळीत मुरणारं पाणी माझ्या रस्त्याला अडून शेजारच्या शेतकऱ्याच्या तळघरात शिरलं. त्याने तक्रार केली आणि खात्याची माणसं आली. मी शेतातला रस्ता म्हणून वाद घातला. त्यांनी शांतपणे सांगितलं की ती सूट शेतीच्या कामापुरती असते. शेताची जमीन घरांसाठी वापरायला घेतली की सूट संपली.

सगळी माती काढायची. पाणथळ होती तशी करून द्यायची, गवत लावायचं, आणि ते टिकतंय की नाही हे ते पाच वर्षं बघणार. आपला मूळ अर्ज बाजूला ठेवलाय. काम पूर्ण झाल्याचं त्यांनी मान्य केल्यावरच नवा अर्ज, म्हणजे पुढचं वर्ष तर गेलंच. सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तिथल्या बाई म्हणाल्या की आमची मागणी लहान होती, पाइप घालून छोटा रस्ता करायला मे महिन्यातच परवानगी मिळणार होती. मला तिथे उभं राहवेना.

मग मी ते केलं जे कधी केलं नसतं. विनीताचे रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो आणि त्या बाईंच्या टेबलावर मांडले. कॅन्सर परत आलाय, ताई. लिव्हरमध्ये आहे. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याचं नाव घेत नाहीत. बाईंनी सगळं वाचलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या की मनापासून वाईट वाटतं, पण यात त्यांच्या हातात काही नाही. ओरडायला तरी कुणी वाईट माणूस हवा होता. तोही नाही.

अमित आणि रुहीने माघार घेतली. रुही फोनवर रडत होती, पण देवांगसाठी त्यांना थांबता येत नाही. आर्य आता दिवसभर ‘फाइव्ह इयर्स, फाइव्ह इयर्स’ म्हणत घरभर फिरतो आणि विनीता कणीक मळताना ऐकते.

मी काय करू? मला काही सुचत नाही. तूच मोठी आहेस, काहीतरी सांग.

तुझ्याशिवाय कुणाकडे बघू?

देवदत्त

डब्लिन, ओहायो
२२ सप्टेंबर २०२४

ती. रत्नाताई यांस,
विनीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांचं पत्र वाचून तुम्ही लगेच निघते म्हणून फोन केलात, यांनी थांब म्हणून सांगितलं. मी सांगते, या. पण कशासाठी यायचं ते आधी वाचा.

काल माती काढली. यांच्याच्याने बघवलं नसतं, म्हणून यांच्याऐवजी मी गेले आणि गाडीत बसून राहिले. रस्ता गेला आणि संध्याकाळपर्यंत पाणी आपसूक जागेवर आलं. मागोमाग दोन बदकंही आली. मी त्या बदकांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, ताई, की माझी मलाच लाज वाटली. इतका राग मला देवाचाही आला नव्हता.

ते घर मला कशाला हवं होतं, ते यांनाही नीट माहीत नाही. मी पायाशी बसल्याशिवाय आर्य अजून झोपत नाही. माझा बेत होता की आधी त्याच्या घरात मी शेजारच्या खोलीत झोपायचं, मग बाहेर ओसरीवर, मग रात्री परत यायचं. हळूहळू त्याला माझी सवय सोडवायची. आता तेवढा वेळ उरला नाही.

माझ्यामागे एकट्या यांना त्याचं झेपणार नाही, म्हणून त्याला तुमच्याकडे घेऊन जा. मी गेल्यावर नको, मी असतानाच. मी गेल्यावर आला तर त्याची आई, घर, बाबांचं हसणं, सगळं एका दिवसात जाईल. आता आला तर त्याला फक्त माझा राग येईल, आईने घालवून दिलं म्हणून. तो राग मला चालेल. मी रोज फोन करीन. मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. फोन बंद होईल तेव्हा त्याला फारसा फरक कळू नये, एवढंच मला साधायचं आहे.

यांना मी समजावीन. तुमचे आणि भाऊजींचे गुडघे, वय, सगळं ठाऊक असून मागते आहे. तुमच्यानंतर त्याचं काय, ते मला माहीत नाही. विचार करकरून थकले, उत्तर सापडलं नाही.

त्याला वरण पातळ लागतं. भातावर तूप तोच वाढून घेतो, वाढू देऊ नका, सगळी बरणी संपवतो. टाळ्या वाजवत चालला तर तो आनंदात आहे असं समजा.

एकच विनंती. गाडी निघताना मी दारात येणार नाही, आतच असेन. तो हाका मारील. तुम्ही काच वर करा आणि गाडी थांबवू नका. थांबवलीत तर मी बाहेर येईन, आणि मग त्याला कधीच पाठवू शकणार नाही.

इतकी वर्षं माझ्यावर लोभ केलात. आता तो सगळा आर्यकडे वळवावा, ही विनंती.

तुमची,
विनीता