धाकटीचं झाड

बाबा, तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तो धरायचा आणि माय रुईचं पान तव्यावर गरम करून बांधायची. तिकडे रुई मिळते की नाही, कोण जाणे. मायचे डोळे आता साफ झाले असतील; सुईत दोरा ओवायला तिला कोणाला हाक मारावी लागत नसेल. तांबडा आणि पांढरा, दोघंही बैल बरे आहेत ना? पांढऱ्याच्या खांद्यावरची गाठ बसली का? आणि धाकटी. तिचा ताप उतरला का, बाबा? तिची चौकशी शेवटी केली, यावरूनच तुम्ही ओळखलं असेल की पत्र तिच्यासाठीच आहे. माझं म्हणाल तर शहात्तरी उलटली, दात गेले, साखर निघाली. डॉक्टरनं चहा सोडायला सांगितला होता, तो काही सुटला नाही.

आपण गाव सोडलं तो दिवस मला उलटा आठवतो, कारण मी गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलो होतो. अंजनगावाकडचं आपलं गाव लहान लहान होत चाललं आहे. तुम्ही येशूचा मार्ग धरला, बाप्तिस्मा घेतला, आणि आठवड्याच्या आत आपला दोर विहिरीवरून काढून फेकला गेला. "तुह्या नव्या देवालेच माग आता पानी," हे बोलला तो तुमचाच चुलतभाऊ. तुम्ही भांडला नाहीत. परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, कोणालाच नको असलेली मुरमाड जमीन होती, तिकडे गाडी वळवली. गाडीत जातं, ज्वारीचं पोतं, सब्बल, फावडं, पत्र्याची पेटी आणि पेटीत तुमचं शास्त्र. मी सात वर्षांचा, धाकटी तीन.

शनिवारी संध्याकाळी नाल्याजवळ मुक्काम पडला. रस्त्याच्या कडेनं कडुनिंबाची रांग होती. रविवारी सकाळी धाकटीचं अंग तव्यासारखं तापलं. दवाखाना परतवाड्यात, अर्ध्या दिवसाची वाट. माय म्हणते, "जुपा न बैल." तुम्ही म्हणता, "आज देवाचा दिवस हाये. उद्या उजाडल्या उजाडल्या निघू." मायनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. दिवसभर तुम्ही चाकाला टेकून प्रार्थना करत होतात आणि माय ओला पदर तिच्या कपाळावर ठेवत होती. सोमवारी तुम्ही जू उचललं तेव्हा धाकटी गेलेली होती. नवी विहीर खणायला आणलेलं ते फावडं. ते पहिल्यांदा तिथंच, एका निंबाखाली चाललं.

पुढे विहीर लागली, कपाशीची पऱ्हाटी उभी राहिली, तुमच्या मागून आणखी तीन घरं तिथं वसायला आली. दर साली कापूस घेऊन अंजनगावच्या बाजारात जाताना तुम्ही आपल्या विहिरीचं तांब्याभर पाणी सोबत घ्यायचात. नाल्याजवळ गाडी थांबायची. मी गाडीतल्या कापसात गाढ झोपलेला असायचो. गाडी थांबल्याचं कळायचं, पुन्हा चालल्याचं कळायचं. डोळे उघडून पाहिलं नाही कधी. वाटायचं, बाप आहे ना, त्याला माहीत आहे.

मग तो रविवार. मी विशीतला. चौथीपर्यंतची शाळा आणि बाकीची अक्षरं तुमच्या शास्त्रातून उचललेली, म्हणून स्वतःला फार शहाणा समजणारा. आठ दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं, पऱ्हाटीत गुडघाभर तण माजलं होतं, आणि ते काढायला सगळ्या शिवारात बैलांचे डवरे चालू होते. आपले बैल तेवढे गोठ्यात रवंथ करत होते.

"बाबा, आज डवरलं नाही तं तण पीक खाऊन जाईन," मी म्हटलं.

"सोमवारी जमीन कुठी पळून जाते का रे? बैलायलेबी एक वार पाह्यजे."

"धाकटीलेबी सोमवारचीच वाट पाहाले लावली तुमी. तुमचा रविवार तिले खाऊन गेला."

माय म्हणायची, चुलीवरचं दूध आणि तोंडातला शब्द, लक्ष नसलं की दोन्ही उतू जातात. पण माझं लक्ष होतं, बाबा. दुखतं तिथंच मारायचं म्हणून मी तो शब्द निवडून काढला होता. तुम्ही चष्मा काढला, शास्त्र मिटलं आणि एवढंच म्हणालात, "जुप." मी जुपले. दिवसभर ताठ मानेनं डवरलो. माय भाकर घेऊन आली, ती बांधावर ठेवून परत गेली.

त्या सालापासून बाजाराला निघताना तुम्ही म्हणू लागलात, "तू घरी राह्य, मायले सोबत होते." मलाही बरंच वाटलं. तुम्ही चुकलात हे तुम्हाला माझ्या कितीतरी आधी माहीत होतं, हे कळायला मला बाप व्हावं लागलं. आणि तरी तुम्ही पुढचा एकही रविवार मोडला नाहीत, त्याचं कारण कळायला आजोबा व्हावं लागलं. त्यातला एक जरी मोडला असता, तर ती उगाच गेली असं झालं असतं.

तुम्ही असेतो मायनं त्या नाल्याकडे पाऊल टाकलं नाही. तुम्ही गेल्यावर, डोळ्यांत फुलं पडल्यावर म्हणाली, "मले धाकटीकडे ने." तोवर रस्ता रुंद झाला होता, निंबांची रांग तुटली होती, नाल्यावर पूल आला होता. मी जीप थांबवली आणि एक झाड दाखवलं. मायनं खोडाला कवळ घातली. दोन्ही हात पुरून उरले.

"एवढुसंच राह्यलं का रे हे?"

"खडकाळ जमीन हाये माय. वाढलं नाही."

"तिच्यावानीच," ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी मुळाशी ओतलं. पुढे जगली तोवर सहा वर्षं मी तिला त्याच झाडाशी नेलं. तिच्यानंतर पोरं तिथं पाणी नेऊ लागली, आता पोरांची पोरं नेतात.

आता माझी नात, अकोल्याच्या शाळेत शिकवते ती, तिनं मनावर घेतलं आहे. आपली वस्ती वसायच्या आधी जी वाटेतच गेली तिच्या नावाचा एक दगड नको का, म्हणते. दगड अमरावतीला घडतो आहे. येत्या शनिवारी गवंडी येणार. परवा फोनवर विचारत होती, "आबा, नक्की हेच न झाड?"

"तुह्या पणजीनं हात लावलेलं झाड हाये ते."

"तसं नाही विचारलं मी. हो म्हना नाही तं नाही म्हना!"

मी म्हटलं, "आवाज कटून राह्यला," आणि फोन ठेवला. या वयात, बाबा.

म्हणून हे लिहायला बसलो. नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, एवढंच मला हवं आहे. नाहीतर शुक्रवारी ती आली की तिला समोर बसवून सगळं सांगावं लागेल. झाडाचंही, आणि झाड मला का माहीत नाही, तेही. तिच्या तोंडाकडे पाहणं मला जड जाईल. पण दगडावर खोटं कोरून घेणं त्याहून जड आहे, एवढं तुमच्या हाताखाली शिकलो.

आणि एक राहिलं, ते नातीलाही सांगता येईल असं वाटत नाही. तेच झाड मी दाखवलं, कारण त्याच्या शेजारी चहाची टपरी होती. माय मुळाशी पाणी घालत होती तेव्हा माझ्या हातात कप होता.

पत्र पेटीत, तुमच्या शास्त्रात ठेवतो आहे. टपालात टाकावं असा पत्ता माझ्याजवळ नाही. तुम्ही रविवारी लिहिणार नाही, हे ठाऊक आहे मला. पण आज सोमवार आहे, बाबा. शनिवारच्या आत दोन ओळी धाडा.