माझ्या पेशींना चिथावणी लागत नाही

३ मार्च
धाकटीच्या ब्लड कॅन्सरवर आता भावंडाच्या पेशी चढवणार. नॅचरल किलर म्हणतात त्यांना. उमेदवार दोन, मी आणि बाळ्या. म्हणजे एकच. बाळ्याला एकसष्टाव्या वर्षीही मोजे कुठे आहेत ते सांगावं लागतं. उद्यापासून साखर बंद, सकाळी फिरणं सुरू.

४ मार्च
फिरणं उद्यापासून. गुडघा.

६ मार्च
आम्ही दोघांनी रक्त दिलं. डॉक्टरीण म्हणजे कालची पोर. मला ‘आजी’ म्हणाली. ‘ॲक्टिव्हेट’चा उच्चार धड नाही, आमच्या शाळेतल्या नन्सनी पट्टी मारली असती. म्हणे या मारेकरी पेशी एकट्याने पूर्ण पेटत नाहीत. डेंड्रिटिक नावाच्या, फांद्या फुटलेल्या पेशी त्यांना येऊन चिकटतात, रसायनं सोडून चिथावतात, तेव्हा कुठे त्या कॅन्सरवर तुटून पडतात. मी सांगितलं, बाळ्याच्या तशा असतील. मी अख्खं ऑफिस चालवलं, साहेबाला न विचारता. ‘बघू या,’ म्हणाली. बघच.

९ मार्च
धाकटीला फोन. म्हटलं, घाबरू नकोस, मी येतेय तुझ्या अंगात. तर म्हणते, ‘ताई, आत येऊनही ओरडणार का गं?’ आजारी माणूस, सोडून दिलं. बिस्किटं चार खाल्ली. ती काही साखर नव्हे.

१२ मार्च
लॅबमध्ये दोघांच्या पेशी चिथावून पाहिल्या. बाळ्याच्या लगेच पेटल्या, कॅन्सरच्या पेशींचा फडशा. माझ्या ढिम्म. पुन्हा करा म्हटलं. केलंय, डॉक्टरीण म्हणाली. बाळ्या म्हणतो, ‘ताई, तू लहानपणापासून चिथावत आलीस ना, मला सवय आहे.’ सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं?
ठरलं. हॉस्पिटलात पाऊल टाकणार नाही.

१८ मार्च
गेले. बाळ्याला लिफ्टचं बटण सापडलं नसतं. मशीनला जोडून त्याच्या पेशी काढल्या. सुई बघून रडवेला झाला. हा मारेकरी!

१९ मार्च
पेशी रात्रभर चिथावून आज चढवल्या. धाकटीने काचेआडून हात हलवला. बाळ्याला. मग मला. बाळ्या बाकावर बसल्या बसल्या झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. तोंड उघडं. साडीवर लाळ. खांदा बधिर झाला तरी उठवलं नाही. तिला पुन्हा पेशी लागल्या तर? माल जपावा लागतो.